अठरा ते तेवीस : पाच वर्षांचा हिशेब

दरमहा ४,००० रुपये. बालगृहात वाढलेले मूल अठरा वर्षांचे होऊन बाहेर पडले, की केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेतून अनुरक्षणासाठी त्याला मिळू शकणारी ही रक्कम. दिवसाचे १३३ रुपये. बाल न्याय अधिनियम, २०१५ मध्ये अनुरक्षणाची मुदत एकविसाव्या वर्षापर्यंत आहे, म्हणजे ३६ महिने. एकही हप्ता न चुकता पदरात पडला, तर तीन वर्षांचे होतात १,४४,००० रुपये. त्यात खोलीचे भाडे, जेवण, बसचा पास, मोबाइलचे रिचार्ज, औषधपाणी, परीक्षांचे अर्ज आणि दिवाळीचा एखादा कपडा बसवायचा. हे सगळे बसवणारा मुलगा किंवा मुलगी तोवर घंटा झाली की जेवायला बसलेली असते. भाजीचा भाव विचारायची वेळ तिच्यावर कधी आलेली नसते.

ही रक्कम संस्थेतल्या रकमेशेजारी ठेवून बघू. बालगृहात असताना त्याच मुलामागे महिन्याला ३,००० रुपये परिपोषणासाठी धरलेले असतात. इमारत, काळजीवाहक, स्वयंपाकी, अधीक्षक, समुपदेशक यांचा खर्च त्याहून वेगळा. शिवाय शंभर मुलांचा शिधा एकदम भरला जातो, त्यामुळे ३,००० रुपयांत जे साधते ते एकट्याला साधत नाही. अठरावे संपले की रक्कम १,००० रुपयांनी वाढते आणि छप्पर, स्वयंपाकघर, ताप आला तर रात्री दवाखान्यात नेणारे माणूस, हे सारे एका दिवसात जाते.

शहरात एकट्या विद्यार्थ्याला जगायला किती लागतात, याचा अंदाज शासनाने स्वतःच बांधलेला आहे. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठीच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजनेत, शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या विद्यार्थ्याला मुंबई, पुणे, नागपूर अशा शहरांत वर्षाला ६०,००० रुपये दिले जातात. त्यातले भोजनाचे ३२,०००, निवासाचे २०,००० आणि निर्वाहाचे ८,०००. महिन्याला ५,००० रुपये झाले. हा आकडाही पुण्यातल्या कॉट बेसिसच्या भाड्यापुढे अपुराच, पण निदान तो खर्चाची फोड करून आलेला आहे. स्वाधारचा विद्यार्थी दिवाळीत गावी जातो आणि येताना आईने बांधून दिलेला डबा घेऊन येतो. बालगृहातून बाहेर पडलेल्याला असे गाव नसते, आणि त्याची वर्षाची रक्कम आहे ४८,०००. ज्याला आधार कमी, त्याच्या वाट्याला १२,००० रुपयेही कमी, हा हिशेब मला पटत नाही. आणि स्वाधारसाठी जातीचा दाखला लागतो. ज्या मुलाची जात कुणालाच माहीत नाही, त्याला त्या खिडकीपर्यंत जाताही येत नाही.

हे ४,००० रुपयेसुद्धा हक्काचे नाहीत. अधिनियमाच्या कलम ४६ ने अशी मदत देण्याची मुभा ठेवली आहे, सक्ती केलेली नाही. २०१६ च्या आदर्श नियमांतला २५ वा नियम मात्र बराच पुढे जातो. सहा ते आठ जणांच्या गटाला तात्पुरते सामूहिक घर, नोकरी लागेपर्यंत विद्यावेतन किंवा शिष्यवृत्ती, कौशल्य प्रशिक्षण, समुपदेशक, आणि खर्चाचे पैसे थेट तरुणाच्या बँक खात्यात, असे सगळे त्यात लिहिले आहे. अपवादात्मक परिस्थितीत मुदत आणखी दोन वर्षांनी, तेविसाव्या वर्षापर्यंत वाढवता येते, हेही त्याच नियमात आहे. माझे सारे म्हणणे या शेवटच्या वाक्याभोवती आहे. तेवीस हा अपवाद ठेवला आहे. शाळा-कॉलेजचे साधे गणित मांडले तर तो नियम असायला हवा.

ते गणित असे. जन्मतारीख माहीत नसलेल्या मुलांना महाराष्ट्रातल्या शाळांनी पिढ्यान्‌पिढ्या १ जून ही तारीख देऊन टाकली आहे. समजा, अशीच एक मुलगी आहे, पहिलीत वेळेवर बसलेली, एकदाही नापास न झालेली. बारावीचा निकाल मे महिन्यात किंवा जूनच्या सुरुवातीला लागतो. सीईटी, प्रवेश फेऱ्या, कागदपत्रांची पडताळणी, वसतिगृहाचे अर्ज, सगळी धावपळ जून ते ऑगस्टमधली. नेमक्या त्याच १ जूनला ती अठरा पूर्ण करते. इतर घरांत ज्या आठवड्यांत आईबाप रजा काढून मुलांबरोबर रांगांत उभे राहतात, त्याच आठवड्यांत हिला राहायची जागा शोधायची असते. समजूतदार अधीक्षक निकालापर्यंत, प्रवेशापर्यंत सांभाळून घेतात, पण ते त्यांच्या चांगुलपणावर. तिने तीन वर्षांची पदवी घेतली तर ती एकविसाव्या वर्षी, अनुरक्षणाच्या शेवटच्या दिवशी, पदवीधर होते. अभियांत्रिकीला गेली तर शेवटचे वर्ष उरते आणि मदत संपते. परिचर्येच्या चार वर्षांच्या पदवीचेही तेच.

आणि ही झाली सर्वांत सुदैवी मुलगी. संस्थेत येणारी पुष्कळ मुले स्टेशनवर, वीटभट्टीवर, ऊसतोडीच्या फडावर किंवा मोडलेल्या घरात दोन-तीन वर्षे शाळेबाहेर घालवून आलेली असतात. असे मूल अठराव्या वर्षी दहावीला असते. मग बारावी विसाव्या वर्षी आणि पदवी तेविसाव्या. एकविसाव्या वर्षी त्याच्या हातात पदवीचे पहिले वर्ष पास झाल्याची गुणपत्रिका असते, आणि तिच्यावर नोकरी मिळत नाही. मग काय होते? शिक्षण सोडून हॉटेलात, वेअरहाउसमध्ये, डिलिव्हरीच्या कामात शिरणे. काम कोणतेच हलके नसते, पण इथे ते निवडलेले नसते. २०२३-२४ च्या नियतकालिक श्रमशक्ती पाहणीत १५ ते २९ वयोगटातला बेरोजगारीचा दर १०.२ टक्के होता. ज्यांच्या पाठीशी घर आहे, ओळखीपाळखी आहेत, अशा तरुणांसह काढलेला हा दर आहे.

कायद्याला ही गोष्ट एकेकाळी कळत होती. १८७५ च्या सज्ञानता अधिनियमाने सर्वसाधारण सज्ञान वय अठरा धरले, पण न्यायालयाने ज्याला पालक नेमून दिला असेल त्या मुलासाठी एकवीस. हेतू मुख्यतः मालमत्तेच्या रक्षणाचा होता. तरी आईबापाविना वाढणाऱ्याला थोडा जास्त वेळ द्यावा, ही समज त्यात होती. १९९९ च्या दुरुस्तीने ते एकवीस गेले आणि सगळ्यांना अठरा झाले.

आता ही मुले किती आणि कोण, ते बघू. केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने २०१८ मध्ये देशातल्या बालसंस्थांच्या पाहणीचा अहवाल प्रसिद्ध केला. त्यात ९,५८९ संस्था आणि त्यांतली ३,७७,६४९ मुले मोजली गेली. दहांतल्या नऊ संस्था स्वयंसेवी संस्थांनी चालवलेल्या होत्या. आपल्याकडे प्रतिपालक कुटुंबात वाढणारी मुले थोडी. घराबाहेर वाढणाऱ्या बहुतेकांचे बालपण संस्थेतच जाते. याच अहवालातला एक तपशील मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. या मुलांत अनाथ होती सुमारे ४२,०००. एकच पालक असलेली होती सुमारे १,२०,०००, म्हणजे जवळपास तिप्पट.

बालगृह म्हटले की अनाथाश्रम डोळ्यांसमोर येतो. प्रत्यक्षात तिथल्या मुलांना बहुधा आई असते. ती घरकाम करते, नवरा गेलेला असतो किंवा सोडून गेलेला असतो, दोन मुलांना पोसताना तिसरे तिने संस्थेत ठेवलेले असते. असे मूल अठरा वर्षांचे झाले की कागदावर 'कुटुंबात पुनर्वसन' होते आणि फाइल बंद होते. ज्या दहा बाय दहाच्या खोलीत मूल मावत नव्हते म्हणून त्याला संस्थेत ठेवले, ती खोली तितकीच असते. मुलींच्या बाबतीत यात आणखी एक धोका आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के जणींचे लग्न अठराच्या आत झालेले आढळले. संस्थेने ज्या मुलीला या आकड्यापासून वाचवले, तिला अठरा पूर्ण होताच त्याच वस्तीत परत पाठवले जाते, आणि आता लग्नाला कायद्याचीही आडकाठी नसते. लग्न लागले म्हणजे पुनर्वसन झाले, असे मानून फाइल मिटवण्याची सवय आपल्या व्यवस्थेला आहे. तिचे शिक्षण किती झाले, तिच्या नावावर खाते आहे का, हे कुणी विचारत नाही.

महाराष्ट्राने काहीच केले नाही असे नाही. उलट अनाथांसाठी शिक्षण व शासकीय नोकऱ्यांत १ टक्का समांतर आरक्षण २०१८ मध्ये देणारे हे राज्य आहे. गोव्यातल्या अनाथाश्रमात वाढलेल्या आणि पुढे पुण्यात स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या एका तरुणीने चालवलेल्या पाठपुराव्याचा त्यात मोठा वाटा होता. सुरुवातीच्या निर्णयात अट अशी होती की उमेदवाराच्या कागदपत्रांवर आईवडिलांचे नाव, नातेवाईक, जात, यांपैकी कशाचाही उल्लेख नसावा. त्यामुळे ज्याच्या शाळेच्या दाखल्यावर मेलेल्या बापाचे नाव राहून गेले, तो अनाथ ठरेना. २०२१ मध्ये आणि पुन्हा ६ एप्रिल २०२३ च्या निर्णयाने व्याख्या रुंदावली. आता संस्थेत वाढलेले आणि संस्थेबाहेर नातेवाइकांकडे वाढलेले, असे दोन गट आहेत. २०२४-२५ पासून मुलींना उच्च शिक्षणात शुल्कमाफी देताना शासनाने या दोन्ही गटांतल्या अनाथ मुलांनाही, मुलगे असोत वा मुली, तिच्यात घेतले. हे निर्णय चांगले आहेत आणि त्यांचे श्रेय द्यायला हवे.

पण हे सारे दोन टोकांना आहे. एका टोकाला प्रवेश आणि फी, दुसऱ्या टोकाला नोकरीतली जागा. मधल्या पाच वर्षांत रात्री झोपायचे कुठे, याची सोय त्यात नाही. आणि एकच पालक असलेली ती तिप्पट मुले अनाथ प्रमाणपत्राला पात्रच नाहीत. त्यांना ना १ टक्का, ना त्या प्रमाणपत्रावर मिळणारी शुल्कमाफी. संस्थेत काढलेली दहा वर्षे त्यांच्या बाजूने कुठेच मोजली जात नाहीत.

कागदपत्रांचा प्रश्न पैशांहून कमी नाही. आधार कार्डावर पत्ता बालगृहाचा असतो. बाहेर पडल्यावर तो आपला राहत नाही. नवा पत्ता हवा तर भाडेकरार हवा, तो अकरा महिन्यांचा, त्याआधी डिपॉझिट, आणि घरमालकाचा पहिला प्रश्न : घरी कोण कोण असते? शिधापत्रिकेवर नाव नसते. शैक्षणिक कर्जाच्या नेहमीच्या योजनेत ४ लाखांपर्यंत तारण लागत नाही हे खरे, पण सहकर्जदार म्हणून आई, वडील किंवा पालक लागतात. अर्जातला तो रकाना रिकामा ठेवला की बँकेतला माणूस अर्ज परत करतो, आणि त्याचा त्यात दोषही नसतो.

तेवीस हा आकडा सरकारला अपरिचित नाही, हे सांगायला आणखी एक हिशेब मांडतो. कोविडकाळात दोन्ही पालक गमावलेल्या मुलांसाठी २०२१ मध्ये पीएम केअर्स फॉर चिल्ड्रन ही योजना आली. तिच्यात मुलाच्या नावे १० लाखांची तरतूद होते, अठरा ते तेवीस या काळात दरमहा विद्यावेतन मिळते, तेविसाव्या वर्षी ते १० लाख हातात येतात आणि तोवर ५ लाखांचे आरोग्य विम्याचे कवच असते. महाराष्ट्रानेही अशा मुलांच्या नावे ५ लाखांची मुदत ठेव ठेवली. त्या मुलांना हे मिळाले, यात मला आनंदच आहे. योजना आखणाऱ्यांनी नीट विचार केला होता : अठराव्या वर्षी मूल सुटे होत नाही, तेविसाव्या वर्षापर्यंत हात धरावा लागतो. मग क्षयाने आई गेली आणि अपघातात बाप, अशा मुलाला १,४४,००० आणि तेही मिळाले तर, आणि विषाणूने दोघे गेले त्याला १० लाख, सातपट, असा फरक का राहावा? मूल तितकेच एकटे आहे.

मुदत वाढवल्याने खरोखर फरक पडतो का, याचे सर्वांत भक्कम उत्तर अमेरिकेतून मिळते, कारण तिथे तीच मुले वर्षानुवर्षे पुन्हा पुन्हा विचारली गेली. तिथे २०२१ या आर्थिक वर्षात प्रतिपालनातून वयोमर्यादेमुळे बाहेर पडलेल्यांची संख्या सुमारे १९,००० होती. शिकागो विद्यापीठातले संशोधक मार्क कोर्टनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इलिनॉय, विस्कॉन्सिन आणि आयोवा या तीन राज्यांतल्या ७३२ तरुणांचा २००२ पासून मागोवा घेतला : सतराव्या-अठराव्या वर्षी, मग एकोणिसाव्या, एकविसाव्या, तेविसाव्या-चोविसाव्या आणि सव्विसाव्या वर्षी. सव्विसाव्या वर्षापर्यंत त्यांच्यातले ३१ ते ४६ टक्के कधी ना कधी बेघर झालेले होते. पण त्या तीन राज्यांत एक फरक होता. इलिनॉय एकविसाव्या वर्षापर्यंत सांभाळत होते, उरलेली दोन राज्ये साधारण अठरालाच सोडत होती. एकविसाव्या वर्षापर्यंत कॉलेजचे निदान एक वर्ष पूर्ण करण्याची शक्यता इलिनॉयच्या मुलांत दुप्पट निघाली. या निष्कर्षांच्या आधारावर २००८ मध्ये केंद्रीय कायदा बदलला आणि राज्यांना एकविसाव्या वर्षापर्यंतच्या खर्चात केंद्राची मदत मिळू लागली. इंग्लंड आणखी पुढे गेले : २०१७ च्या कायद्याने तिथे पंचविसाव्या वर्षापर्यंत तरुणाला त्याचा एक नेमलेला सल्लागार मिळतो, आणि स्वतःचे घर मांडायला २०२३ पासून ३,००० पौंडांपर्यंत मदत.

तयारी केव्हा सुरू होते, यातही मोठे अंतर आहे. अमेरिकेत चौदाव्या वर्षापासून मुलाला समोर बसवून त्याच्या पुढच्या आयुष्याची आखणी करावी लागते, इंग्लंडमध्ये सोळाव्या. आपल्या नियमात बाहेर पडल्यानंतरचा आराखडा बालकल्याण समितीपुढे ठेवण्याची मुदत आहे, मूल जायच्या दोन महिने आधी. साठ दिवसांत बँकेचे खाते उघडून होईल. स्वयंपाक, पैशांचे भान, नोकरीच्या मुलाखतीत डोळ्याला डोळा भिडवून बोलणे, कुणावर विश्वास ठेवायचा आणि कुणावर नाही याची पारख, हे साठ दिवसांत येत नाही. नववीपासून मुलांना महिन्याचा बाजार त्यांच्या हाताने आणू द्यावा, एवढ्या साध्या गोष्टीला वेगळे पैसेही लागत नाहीत.

काही मुलांसाठी मात्र तेवीसही पुरत नाही. अमरावती जिल्ह्यात अचलपूरजवळच्या वझ्झर इथे शंकरबाबा पापळकर यांनी रस्त्यावर, स्टेशनवर, कचऱ्यात टाकून दिलेल्या १२३ दिव्यांग मुलामुलींना वाढवले आणि बाप म्हणून आपले नाव दिले. २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. अठराव्या वर्षी या मुलांना बाहेर काढण्याची तरतूद बदला, त्यांना आयुष्यभर राहू देणारा कायदा करा, ही त्यांची मागणी जुनी आहे. ज्या मुलाला स्वतःचे नाव सांगता येत नाही, त्याला 'मुख्य प्रवाहात' सोडणे म्हणजे पुन्हा त्याच स्टेशनवर सोडणे. बाकीच्यांसाठी वय किती असावे यावर वाद घालता येईल. इथे वादाला जागाच नाही.

आता खर्च. समजा महाराष्ट्रातल्या संस्थांतून दरवर्षी १,००० तरुण बाहेर पडतात. प्रत्येकाला स्वाधारच्याच दराने वर्षाला ६०,००० द्यायचे ठरवले, अठरापासून तेविसाव्यापर्यंत, एकच पालक असलेल्यांनाही. योजना पूर्ण चालू झाल्यावर एका वेळी ५,००० तरुण तिच्यात असतील आणि वर्षाचा खर्च होईल ३० कोटी रुपये. मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजना २०२४ मध्ये आली तेव्हा तिच्यासाठी वर्षाला ४६,००० कोटींची तरतूद सांगितली गेली होती, आणि ती एकविसाव्या वर्षापासून सुरू होते. त्याच्याशी तुलना केली तर हे ३० कोटी ०.०७ टक्केही भरत नाहीत. तरुणांची संख्या माझ्या गृहीतकाच्या तिप्पट निघाली, तरी खर्च ९० कोटींवर जाईल.

पैशांच्या जोडीला मोजणी हवी. अमेरिकेत या तरुणांना सतराव्या, एकोणिसाव्या आणि एकविसाव्या वर्षी प्रश्नावली देणे राज्यांना बंधनकारक आहे. इथेही ते अवघड नाही. महाराष्ट्रात ३६ जिल्हे आहेत आणि जिल्हा बाल संरक्षण कक्षांची रचना आधीपासून आहे. वर्षाला १,००० तरुण धरले तर एका जिल्ह्याच्या वाट्याला येतात २८. त्या २८ जणांना एकोणिसाव्या, एकविसाव्या आणि तेविसाव्या वर्षी फोन करून पाच गोष्टी विचारायच्या आणि त्यांची उत्तरे दरवर्षी जिल्हावार प्रसिद्ध करायची : कुठे राहतोस, काय शिकतोस किंवा काम करतोस, महिन्याला हातात किती येतात, आजारी पडलास तर कुणाला फोन करतोस, आणि गेल्या वर्षी मंजूर झालेले पैसे खात्यात आले का.